सुईने धरलेला खांदा आणि भरपाईचा हक्क

दंडात लस कुठे टोचायची याचा नियम साधा आहे. खांद्यावरचे हाडाचे टोक बोटांनी चाचपायचे, त्याच्या खाली दोन-तीन बोटे जागा सोडायची आणि दंडाच्या जाड स्नायूत सुई सरळ घालायची. हा नियम ठाऊक नसलेली परिचारिका शोधून सापडणार नाही. पण लसीकरणाच्या दिवशी एखाद्या उपकेंद्राच्या पडवीत काय चालते, ते जवळून पाहावे. बाहेर रांग लागलेली असते. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या पोलक्याची बाही दंडाला घट्ट बसलेली असते आणि ती काही केल्या वर सरकत नाही. मग गळ्याकडून पोलके जरा खाली ओढले जाते आणि खांद्याचा जेवढा भाग उघडा पडेल, तेवढ्यात काम उरकले जाते. पुरुषही शर्टाची वरची दोन बटणे काढून खांदा पुढे करतात. टोचणारी उभी, घेणारा बसलेला. अशा वेळी सुई हवी त्यापेक्षा वर जाणे अगदी सहज घडते.

त्या वरच्या भागात स्नायूच्या आड एक छोटी, ओलसर पिशवी असते. हाड आणि स्नायूबंध एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने ती तिथे ठेवली आहे. डॉक्टर तिला ‘बर्सा’ म्हणतात. लस स्नायूत न जाता या पिशवीत किंवा सांध्याच्या आवरणाजवळ गेली, तर शरीराची प्रतिकारशक्ती तिथेच कामाला लागते. सूज येते, आग होते, सांधा आखडत जातो. लस घेतल्यावर दोन-तीन दिवस हात दुखणे वेगळे. ते कोट्यवधी लोकांनी अनुभवले आणि विसरलेही. इथे दुखणे साधारण 48 तासांच्या आत सुरू होते आणि कमी व्हायचे नाव घेत नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही. हात डोक्यापर्यंत जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टर ‘फ्रोजन शोल्डर’ असे निदान करतात आणि रुग्ण गावी येऊन सांगतो, ‘खांदा धरला.’

वैद्यकीय जगात या दुखापतीला ‘सिर्वा’ असे आद्याक्षरी नाव आहे. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा रुग्णांची पहिली ठळक नोंद 2006च्या सुमारास केली आणि 2010 मध्ये तिथल्याच आणखी एका अभ्यासाने 13 रुग्णांची हकिकत मांडली. दोष लसीच्या औषधात कमी आणि सुईच्या जागेत जास्त, हे तेव्हापासून बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अशी दुखापत विरळ आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. देवी गेली, पोलिओ गेला, धनुर्वाताने दगावणारी बाळंतिणीची पोरे वाचली, ती याच सुयांमुळे आणि थेंबांमुळे. लस घेऊ नये, असे या लेखातल्या एकाही ओळीतून सुचवायचे नाही. प्रश्न वेगळा आहे: सगळ्यांच्या भल्यासाठी काढलेल्या मोहिमेत एखाद्याचाच खांदा निकामी झाला, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा?

वऱ्हाडात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथली बरीच घरे खांद्याच्या जोरावर चालतात. अमरावती-अकोल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते. कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी बोंडे वेचायची, ओटी भरली की गाठोडे बांधायचे, ते डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत न्यायचे. एक हात आखडला म्हणजे निम्मी वेचणी, आणि निम्मी वेचणी म्हणजे निम्मी मजुरी. फवारणीचा पंप खांद्याच्या पट्ट्यांवरच लटकतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची तोड करणाऱ्याचा हात सतत डोक्याच्या वर असतो. शहरात नोकरी करणारा माणूस दुखरा खांदा घेऊन खुर्चीत बसून सहा महिने काढू शकेल. शेतमजूर बाईला तशी सोय नाही. तिला वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, आणि फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा तालुक्याला जायचे म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. एमआरआय काढायला सांगितले तर प्रश्नच मिटला. म्हणजे उपचारच थांबला.

अमेरिकेत अशा माणसाला दाद मागायची ठरलेली जागा आहे. तिथल्या काँग्रेसने 1986 मध्ये बालकांच्या लसीकरणातून होणाऱ्या इजांसाठी कायदा केला आणि 1988 पासून भरपाईची योजना सुरू झाली. त्याआधी लस कंपन्यांवर इतके खटले पडत होते की काही कंपन्या लस बनवणेच सोडू लागल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून लसीच्या मात्रांवर कर बसवला गेला; आता तो प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांविरुद्ध असेल तितक्या रोगांमागे, 75 सेंट आहे. त्या पैशाचा निधी झाला. इजा झालेल्याने कंपनीवर किंवा नर्सवर दोष सिद्ध करायचा नाही. इजा ठरलेल्या यादीत आणि ठरलेल्या मुदतीत बसते एवढे दाखवायचे. 2017 मध्ये खांद्याची ही दुखापत त्या यादीत अधिकृतपणे आली. अटी मोजक्या आहेत: त्या खांद्याचे आधीचे दुखणे नसावे, वेदना 48 तासांच्या आत सुरू झालेली असावी, दुखणे लस दिलेल्या खांद्यापुरतेच असावे आणि दुसरे स्पष्ट कारण नसावे. त्रास साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला असला पाहिजे आणि पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत अर्ज करायला हवा. वेदनेपोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, शिवाय उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई. सद्हेतूने केलेला अर्ज नामंजूर झाला तरी वकिलाची फी योजनाच देऊ शकते. अलीकडच्या वर्षांत या योजनेकडे येणाऱ्या अर्जांत निम्म्याच्या आसपास अर्ज खांद्याचेच आहेत. इतके अर्ज आले म्हणून तिथले लसीकरण बंद पडलेले नाही.

आता हाच माणूस अकोल्यात किंवा अमरावतीत असेल तर?

पहिला दरवाजा ग्राहक आयोगाचा. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 1995 रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली. 2019च्या नव्या कायद्यानंतर डॉक्टरांच्या संघटनांनी पुन्हा वाद घातला, तोही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयातच मिटला. वैद्यकीय सेवा कायद्याच्या कक्षेतच राहिली. जिल्हा आयोगात तक्रार सोपी आहे. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पण शांता निकालातच एक मोठी फट आहे. जिथे सगळ्यांनाच सेवा पूर्णपणे मोफत मिळते, असा दवाखाना या कायद्यात बसत नाही. आपले बहुतेक लसीकरण अशाच ठिकाणी होते: गावचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी.

याचा अर्थ काय, ते 2021च्या उन्हाळ्यानंतरच्या दोन दंडांवरून कळेल. एकाने खासगी रुग्णालयात 780 रुपये मोजून कोविशील्ड घेतली. दुसऱ्याने तीच लस आरोग्य केंद्रात रांगेत उभे राहून फुकट घेतली. दोघांचेही खांदे धरले. पहिला ग्राहक ठरतो, दुसरा ठरत नाही. ज्याच्याकडे पैसे होते त्याला सोपा दरवाजा, ज्याच्याकडे नव्हते त्याला अवघड. हा भेद कोणी मुद्दाम केला नसेल, पण तो अन्यायाचा आहे आणि गरिबाच्याच वाट्याला आला आहे.

दुसरा दरवाजा दिवाणी न्यायालयाचा. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मग निष्काळजीपणा सिद्ध करायचा. हे अशक्य नाही, आणि त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. 1963च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईचे बाळंतपण आणि पाठोपाठ कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती काही दिवसांत वारली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36 हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने 20 फेब्रुवारी 1996 रोजी ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात ते परत दिले. सरकारी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हयगयीला राज्य जबाबदार आहे, हे त्या निकालाने ठसवले. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी तो मैलाचा दगड आहे. नवऱ्यासाठी मात्र तो 33 वर्षांनी मिळालेला न्याय होता, आणि तोही पोटातून प्रत्यक्ष बोळा निघाला होता म्हणून. धरलेल्या खांद्यातून असा पुरावा निघत नाही. सुई किती बोटे वर गेली, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? त्यातून रुग्णाला मधुमेह असेल तर काम आणखी कठीण, कारण मधुमेहींचा खांदा लस न घेताही आखडतो. सरकारी वकिलाला तेवढा मुद्दा पुरे.

कोविड लसीबाबत केंद्र सरकारने 2022च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल केले. लसीनंतर मृत्यू पावलेल्या दोन तरुण मुलींच्या पालकांची ती याचिका होती. सरकारचे म्हणणे असे की लसीकरण ऐच्छिक होते, माहिती सगळ्यांसाठी खुली होती, आणि कोणाला इजा झाली असेल तर त्याने दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागावी. त्याच वर्षी औरंगाबादच्या एका वडिलांनी डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल एक हजार कोटी रुपयांची भरपाई मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात केली आणि न्यायालयाने ऑगस्टमध्ये प्रतिवादींना नोटिसा काढल्या. मृत्यूची ही प्रकरणे धरलेल्या खांद्यापेक्षा कितीतरी भीषण आहेत. पण वाट तीच, आणि ती शहाण्यासुरत्या, शिकलेल्या कुटुंबालाही किती चढाची पडते, ते त्यातून दिसते. ‘ऐच्छिक’ या शब्दाबद्दल मात्र बोलायला हवे. फेब्रुवारी 2021 मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल सगळ्यात आधी लागली ती अमरावती-अकोल्यालाच. राज्यात इतर ठिकाणी बाजार सुरू असताना इथे टाळेबंदी लागली. नंतर लसीच्या प्रमाणपत्राशिवाय प्रवास, दुकान, कार्यालय सगळेच अडले. 2 मे 2022 रोजी ‘जेकब पुलियल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही असे सांगितले आणि लोकांना व खासगी डॉक्टरांना दुष्परिणाम नोंदवता येतील अशी खुली व्यवस्था करण्याचा आदेशही दिला. पण तोपर्यंत बहुतेकांची टोचणी होऊन गेली होती.

नोंदीची गोष्ट तर मुळातच अपुरी आहे. लसीनंतरच्या घटनांची देखरेख करायला जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर समित्या आहेत. मृत्यू, दाखल करावे लागणे, अपंगत्व, एकाच वेळी अनेकांना त्रास अशा घटना गंभीर मानल्या जातात आणि त्यांचा कागद 48 तासांत पुढे सरकायला हवा. घटनांचे जे प्रकार ठरवले आहेत, त्यांत ‘लस देण्याच्या पद्धतीतली चूक’ हाही एक आहे. म्हणजे सरकारच्या आराखड्यातच अशी चूक होऊ शकते हे मान्य आहे. पण खांदा धरलेला माणूस दाखल होत नाही. तो ओपीडीत येतो, गोळ्या घेतो, घरी जातो. त्याचे दुखणे गंभीर ठरते ते हात कायमचा अडल्यावर, आणि तोवर त्याचा लसीशी संबंध कोणी जोडतच नाही. कोविडच्या प्रमाणपत्रावर लसीचा बॅच नंबर असतो, टोचणाऱ्याचे नाव असते, ठिकाण असते. डावा दंड की उजवा, हे मात्र नसते. अमेरिकेतल्या न्यायाधिकरणासमोर कित्येक प्रकरणांत नेमका हाच वाद होतो. एक रकाना वाढवला असता तर खर्च काहीच नव्हता.

चूक झालीच तर आपल्याकडे काय होते, ते यवतमाळने पाहिले आहे. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओच्या दिवशी 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवले, सुदैवाने सगळी बचावली. कारवाई झाली ती तिघा आरोग्य कर्मचाऱ्यांवर. चूक अक्षम्य होती यात वाद नाही. तरीही या पद्धतीचा परिणाम असा होतो की व्यवस्थेच्या तोंडी लगेच एकच शब्द येतो: निलंबन. चूक कबूल केली की नोकरी जाणार असेल तर कोणती परिचारिका म्हणेल, ‘हो, सुई वर गेली असावी’? ती गप्प राहील, तिचे वरिष्ठही गप्प राहतील, आणि खांदा धरलेल्या बाईला कोणी काही सांगणार नाही. दिवसाला शेकडो दंड समोर येत असताना हात चुकला, तर पूर्ण दोष त्या एकटीच्या माथी मारणे न्याय्यही नाही. म्हणून दोष न शोधता भरपाई देणारी व्यवस्था रुग्णाइतकीच परिचारिकेच्याही हिताची आहे.

अशी व्यवस्था भारतात रुजणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी मेळघाटकडे पाहावे. तिथे वाघ, बिबट्या किंवा अस्वलाने हल्ला केला तर वनविभाग भरपाई देतो. 2023च्या दरांनुसार मृत्यूला 25 लाख, कायम अपंगत्वाला साडेसात लाख, गंभीर जखमीला 5 लाख रुपये. त्यासाठी कोणी वाघाचा निष्काळजीपणा सिद्ध करत नाही, वनरक्षकाला दोषी धरत नाही. पंचनामा, वैद्यकीय दाखला, आणि पैसे. जंगल राखणे ही सगळ्या समाजाची गरज आहे आणि तिची किंमत जंगलालगतच्या माणसाने एकट्याने मोजू नये, हे राज्याने मान्य केले आहे. लसीकरणालाही हाच विचार जसाच्या तसा लागू पडतो.

आरोग्य खात्याला तर याची सवयच आहे. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये आदेश दिल्यानंतर त्याच वर्षी देशभर विमा योजना सुरू झाली आणि 2013 नंतर ती राज्यांनी चालवायला घेतली. रुग्णालयात किंवा तिथून सुटल्यावर सात दिवसांत मृत्यू झाला तर 2 लाख, शस्त्रक्रिया फसली तर 30 हजार, गुंतागुंत झाली तर 25 हजारांपर्यंत खर्च, असे तिचे 2013च्या सुमाराचे दर होते. तोच विभाग, तेच जिल्हा रुग्णालय, तीच नर्स. नसबंदीतल्या गुंतागुंतीला जे मिळते ते लसीच्या सुईने धरलेल्या खांद्याला का मिळू नये, याचे पटण्यासारखे उत्तर कोणाकडेही नाही. जर्मनीने 1961 मध्ये, ब्रिटनने 1979 मध्ये लसीच्या इजांसाठी कायदे केले. आपल्या नियमित लसीकरणाला अशी तरतूद जोडायला इतका उशीर शोभत नाही.

भरपाईची चर्चा केली तर लोक लसीला घाबरतील, असा एक आक्षेप अधिकाऱ्यांकडून हमखास येतो. अनुभव उलट सांगतो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर कोविडची लस पोचवायला प्रशासनाला कोरकू भाषेतून आवाहने करावी लागली, कारण अफवा आधी पोचल्या होत्या. अफवेला बळ मिळते ते लपवाछपवीतून. एका घरातल्या बाईचा हात वर जात नाही आणि दवाखाना म्हणतो, ‘लसीचा काही संबंध नाही’, तेव्हा पाड्यावरचे पन्नास जण तिच्याकडे पाहून आपले मत ठरवतात. तिच्यावर सरकारी खर्चाने उपचार झाले, बुडालेली मजुरी मिळाली, तर तेच पन्नास जण पुढच्या वेळी रांगेत उभे राहतील.

योजना येईल तेव्हा येईल. तोवर ज्याचा खांदा लसीनंतर दोन दिवसांत दुखू लागला आणि पंधरवड्यातही सुधारला नाही, त्याने घरी तेल चोळत बसू नये. अमरावतीत इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. केसपेपरवर लसीची तारीख, कोणता दंड आणि वेदना कधी सुरू झाली हे लिहून मागावे. हा एक कागद पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी कळवून लसीनंतरची घटना म्हणून नोंद करायला सांगावे आणि पोच घ्यावी. डॉक्टरांनी उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून 72 तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा 2002चा नियम आहे. आरोग्य केंद्रातली त्या दिवसाची नोंदवही माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येते. लस पैसे देऊन किंवा इतरांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात घेतली असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग गाठावा. सरकारी केंद्रात घेतली असेल तर दोन्ही शहरांतल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

राज्याचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, तिथे तीन मागण्या कराव्यात: लसीच्या प्रत्येक कार्डावर दंड डावा की उजवा याची नोंद, लसीकरणाच्या जागी बाही मोकळी करता येईल असा आडोसा आणि टोचणारीसाठीही खुर्ची, आणि कुटुंब नियोजनाच्या धर्तीवर लसीच्या इजांसाठी दोष न शोधता भरपाई. पहिल्या दोन मागण्यांसाठी तर नव्या कायद्याचीही गरज नाही. आरोग्य विभागाच्या एका परिपत्रकाने त्या येत्या महिन्यात अमलात येऊ शकतात.